मारून राह्यल्ता

म्हस्के सर वर्गात यायच्या आधी त्यांचा दांडा यायचा. बाभळीचा, कुऱ्हाडीला बसवतात तसला, फक्त कुऱ्हाड नसलेला. तो टेबलावर असा आदळायचा की पुढच्या बाकांवरची पेनं उडायची, खिडकीतले पारवे उडायचे आणि माझं ब्लडप्रेशर, जे आधीच उडायच्या तयारीत असायचं, तेही उडायचं. मग सर म्हणायचे, "बसा. खून झालाय."

दर शनिवारी दुपारी खून व्हायचा. दर शनिवारी तोच.

सर आठवडाभर जालन्याच्या कोर्टात फौजदारी वकिली करायचे आणि शनिवारी आमच्या लॉ कॉलेजात मूट कोर्ट घ्यायचे. मूट कोर्ट म्हणजे खोटं कोर्ट. वकील म्हणजे विद्यार्थी, न्यायाधीश म्हणजे बाहेरून बोलावलेले पाहुणे, आणि निकालाने कुणी तुरुंगात जात नाही की सुटत नाही. वर्षाच्या शेवटी कॉलेजात फेरी व्हायची, जिंकणारा संघ संभाजीनगरच्या मोठ्या स्पर्धेला जायचा. इतर कॉलेजांत दरवर्षी नवा खटला असतो म्हणे. आमच्याकडे कित्येक वर्षं एकच. त्यात नावं नव्हती. आरोपी, मयत, साक्षीदार. नवऱ्याने बायकोला कुऱ्हाडीच्या दांड्याने मारून टाकलं, शेजारच्या बाईने पाहिलं, आणि तरी नवरा सुटला. सुटला तो एका वाक्यावर. सरांना जगाकडून एवढंच हवं होतं की न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेल्या कुणीतरी, एकदा तरी, ते वाक्य बरोबर वाचावं. खोट्या खुर्चीवर बसून का होईना.

मी तेव्हा तरुण होते. एकोणसाठ वर्षांची, आणि मूर्खपणाच्या ऐन भरात. परतूरच्या शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले होते. जालन्यात लेकाकडे येऊन राहिले, पंधरा दिवसांत सुनेच्या स्वयंपाकातले शुद्धलेखन तपासून झाले, आणि मग घरच्यांनीच मला लॉला जायला इतका पाठिंबा दिला की संशय यावा. फलकावर 'मूट कोर्टसाठी नावे द्या' असं लिहिलेलं होतं. मी घरी येऊन सांगितलं. लेक टीव्हीच्या रिमोटकडे बघत म्हणाला, "म्यूट? म्हणजे आवाज बंद करायचा? आई, तुला न्हाई जमणार."

मी दुसऱ्या दिवशी नाव दिलं. प्रमाणपत्र मिळतं, संभाजीनगरला जायला मिळतं, आणि तावातावाने बोलायचं असतं. यातलं तिसरं मला आधीच येत होतं.

माझ्या जोडीला रेश्मा होती. भोकरदनहून रोज एसटीने येणारी, शेतकऱ्याची पोर, वीस वर्षांची, तोंडाने तिखट. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "आज्जी, तुम्ही पेपर तपासायला आल्या का लिहायला?"

प्रश्न बरोबर होता. कारण सरांनी खटल्याचे कागद दिले आणि मी घरी जाऊन, चहा पीत, लाल पेनने ते तपासले.

त्यात दोन कागद महत्त्वाचे होते. एक, शेजारच्या बाईने पोलिसांना दिलेला जबाब: 'मी गेले तेव्हा तो तिला मारून तिथेच राहिला होता.' दुसरा, त्याच बाईने पुढे कोर्टात दिलेली साक्ष, तिच्या तोंडची, जशीच्या तशी: 'म्या गेले तव्हा त्यो तिला मारून राह्यल्ता.' मी दुसऱ्या कागदावर 'राह्यल्ता' खोडलं आणि वर सुबक अक्षरात लिहिलं, 'राहिला होता'. बाजूला शेराही दिला: शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.

शनिवारी सरांनी तो कागद उचलला. वाचला. दांडा टेबलावर आदळला नाही. हे वाईट होतं, ते मला नंतर कळलं. सरांनी बाकाला लाथ घातली. बाक रेश्माच्या गुडघ्याला लागला, ती "आई गं" म्हणाली, आणि सर माझ्या तोंडासमोर कागद धरून ओरडले, "बाई, सोडलात तुम्ही त्याला! एका रेघोटीत सोडला! त्याच्या वकिलाला इतके दिवस लागलेत, तुम्हाला एक रेघ लागली!"

"मी फक्त शुद्ध केलं," मी म्हणाले.

"शुद्ध!" सरांनी कागदाचे चार तुकडे केले. "गाव कोन्तं तुमचं?"

"परतूर."

"घरी कसं बोलता? भाकरी करताना सुनेनं इचारलं, काय करून राह्यल्या, तर काय म्हनता? भाकरी करून संपली आन मी चुलीपाशीच मुक्काम केला, असं?"

वर्ग हसला. मी हसले नाही, कारण मला तेव्हा ऐकू आलं. आमच्याकडे 'मारून राह्यला' म्हणजे मारतो आहे, 'मारून राह्यल्ता' म्हणजे मारत होता, मारणं चालू होतं, हात वर जात होता आणि खाली येत होता. आणि पुस्तकी मराठीत 'मारून राहिला होता' म्हणजे मारून झालं, मग तो थांबला. आमच्या घरात दिवसाला पन्नास वेळा बोललं जाणारं रूप मला कागदावर अशुद्धलेखन दिसलं. मी डोळ्यांनी वाचलं होतं. कान शाळेत जमा करून आले होते.

जबाब लिहून घेणारा हवालदारही माझ्याच जातकुळीचा, शुद्ध लिहिणारा. तिकडून समुद्राकडच्या जिल्ह्यातून नवीन बदलून आलेला. बाई म्हणाली 'मारून राह्यल्ता', त्याला वाटलं खून करून हा माणूस राहिला. कुठे राहिला, तर तिथेच राहिला असणार. म्हणून त्याने मदत म्हणून 'तिथेच' हा शब्द आपल्या पदरचा घातला. पुढे कोर्टात बाईने मारताना पाहिल्याचं सांगितलं, तेव्हा आरोपीच्या वकिलाने तो जबाब काढला. आधी म्हणतेस सगळं होऊन गेल्यावर आलीस, आता म्हणतेस मारताना पाहिलं. खोटं कधी बोललीस, तेव्हा की आत्ता? आरोपीचं म्हणणं, मी रानातून आलो तर ही मरून पडलेली, मी तिच्यापाशी बसून राहिलो. जबाबाशी ते बरोबर जुळलं: बाईने त्याला नुसता तिथे पाहिला, मारल्याचा फक्त अंदाज केला. साक्षीदार बाई खोटी ठरली आणि नवरा घरी गेला.

"आता पुन्हा वाचा," सर म्हणाले. "मोठ्यानं. शाळेतल्यासारखं नका वाचू."

मी वाचलं. तीनदा वाचलं. पस्तीस वर्षं मी पोरांच्या बोटांवर फूटपट्टीच्या कडेने मारत आले होते, नेमक्या याच शब्दांसाठी. खेळून राह्यलो म्हटलं की एक. जेवून राह्यलो म्हटलं की दोन. आदर्श शिक्षिका म्हणून माझा सत्कार झाला होता, शालही होती.

सर विद्यार्थ्यांवर कधी हात उगारत नसत. बाकी सगळ्यावर उगारत. खडू मोडत, फायली भिंतीवर भिरकावत, पंख्याचं बटण गालफडात मारल्यासारखं दाबत. आमच्या लेखी युक्तिवादात 'सदर महिलेस मारहाण झाली' असं कुणी लिहिलं तर ते पान फाडून खिडकीबाहेर जायचं. "झाली? पाऊस झाला का? कुनी केली? कशानं? कुठं? किती येळा?" हे चार प्रश्न झोपेतही आम्हाला पाठ होते.

आणि एक दिवस त्यांनी पोतं आणलं.

शवविच्छेदनाचा अहवाल वाचायचा होता. एकोणीस जखमा. मागच्या बाकावरच्या एका धट्ट्याकट्ट्या मुलाने यादी वाचायला घेतली आणि सातव्या-आठव्या जखमेला 'इत्यादी' म्हणून मोकळा झाला. कुणीतरी खुदकन हसलं. हसणाऱ्यांत मी होते, सांगून टाकते. 'इत्यादी' चुकीच्या जागी आलं म्हणून हसले.

सरांनी बाहेरून ओल्या वाळूने भरलेलं बारदान ओढत आणलं. वर्गाच्या मधोमध टाकलं. दांडा त्या मुलाच्या हातात दिला. "मार."

"सर?"

"एकोनीस. इत्यादी न्हाई. मोजून मार. रेश्मा, घड्याळ बघ."

पहिला घाव त्याने लाजत घातला. "असा मरतो का मानूस?" सर ओरडले. दुसरा बसला. तिसऱ्याला वाळू उडाली. पाचव्याला हसणं बंद झालं. तो आवाज मी विसरलेले नाही. ओला, जाड, पोटातून आल्यासारखा. आठव्याला मुलाचा शर्ट पाठीला चिकटला. अकराव्याला तो थांबला आणि दांड्यावर वाकून धापा टाकायला लागला.

"अजून आठ राह्यले," सर म्हणाले.

"सर, हात..."

"त्याचा न्हाई थांबला."

त्याने एकोणीस पुरे केले आणि वर्गाबाहेर जाऊन ओकला. रेश्माने घड्याळातली वेळ फळ्यावर लिहिली. दीड मिनिटाला थोडं कमी. सरांनी खडूने खाली लिहिलं: ओटा, गल्ली, दार. "इतका येळ लागतो. पहिल्या किंकाळीला शेजारीन वट्यावरनं उठली. गल्ली दहा पावलं. दार ढकललं. बराबर पोचते का न्हाई मदीच?"

पोचत होती. सगळा वर्ग त्या पोत्याकडे बघत होता. तेव्हा रेश्मा म्हणाली, "सर, आपण सारखं मयत-मयत म्हणतो. तिला एक नाव तरी द्या ना."

"शकुंतला," सर म्हणाले. विचार न करता. मग जरा थांबून म्हणाले, "घरी शकू म्हनायचो. माझ्याहून सात वर्सानं मोठी."

सर वाळू झाडत बसले. मग त्यांनीच सांगितलं, पाठमोरे, तुकड्या-तुकड्यांत. ते तेव्हा अकरावीत होते. निकालाच्या दिवशी कोर्टात होते. अपिलाची मुदत निघून गेली, कुणी केलं नाही. मेहुणा सुटला, त्याने दुसरं लग्न केलं, पोरंबाळं झाली, म्हातारा होऊन अंथरुणात मेला. आता तो खटला कुठल्याच खऱ्या कोर्टात उभा राहू शकत नव्हता. "हितंच राह्यतो उभा," सर म्हणाले. "आन कौसामावशी हाय अजून. शेजारीन. गाव तिला अजून पलटी कौसा म्हनतं. पैशे खाऊन पलटली म्हनतं. माझ्या शकूसाठी धावत एकटी तीच आल्ती."

एसटीत रेश्मा खिडकीला डोकं टेकून रडली, असं तिने मला सोमवारी सांगितलं. मी घरी जाऊन लाल पेन मोडलं. नाटकीपणा माझ्यात आधीपासूनच आहे. पण मोडलं खरं.

फेरीचा दिवस आला. आम्ही सरकार पक्ष, म्हणजे सुटलेल्या आरोपीविरुद्ध अपील करणारे. दारापाशी सर उभे, काखेत दांडा. दरवर्षी ते तिथेच उभे राहायचे, पाहुणे न्यायाधीश दरवर्षी म्हणायचे, साक्षीदाराच्या बोलण्यात विसंगती आहे, आणि सर दरवर्षी हातातला खडू मोडून बाहेर जायचे. त्या दिवशीही मुठीत खडू होता.

मधल्या खुर्चीवर बसायला मुंबईचे एक वकीलसाहेब आले. गोरटेले, सोनेरी काडीचा चष्मा, मराठी अशी की जणू आत्ताच इस्त्री होऊन आलेली. मला बघून ते अर्धवट उठले. "बाई? तुम्ही?"

मी नीट पाहिलं. परतूर, चौथी, तिसरी रांग. याची बोटं माझ्या फूटपट्टीच्या चांगली ओळखीची होती. खेळून राह्यलो म्हणणाऱ्यांतला हा सगळ्यात चिवट होता आणि दिवाळीपर्यंत मी त्याला साफ केला होता. मला अभिमान होता त्याचा. देवा रे.

मी उभी राहिले. दोन वाक्यं बोलले असेन, तर साहेबांनी जबाबाच्या कागदावर बोट ठेवलं. "विदुषी वकील, जबाबात 'मारून तिथेच राहिला होता' असं आहे. साक्षीत 'मारून राह्यल्ता'. दुसरं पहिल्याचंच ग्रामीण उच्चारण दिसतं. अर्थ तोच. कृती पूर्ण झाली होती. मग मारताना पाहिलं, हे नंतर रचलेलं नाही का?"

मी व्याकरण सांगितलं. अपूर्ण भूतकाळ सांगितला. साहेब मान हलवत म्हणाले, "असा प्रयोग प्रमाण भाषेत नाही, बाई. तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

दारातून खडू मोडल्याचा आवाज आला. बारीकसा. मी ऐकला, रेश्मानेही ऐकला.

पुढचं आम्ही ठरवलं नव्हतं. फेरी आमच्याच वर्गात होती, पोतं अजून कोपऱ्यात होतं. रेश्मा उठली, दाराशी गेली, सरांच्या काखेतून दांडा ओढून घेतला. सरांनी सोडला. तिने पोतं मधोमध ओढलं आणि घाव घातला.

"हे काय चाललंय?" डावीकडचे पाहुणे म्हणाले.

"जखम पहिली," मी म्हणाले. घाव. "जखम दुसरी, उजवा खांदा." घाव. मला यादी पाठ होती. रेश्मा भोकरदनच्या रानात लाकडं फोडत वाढलेली. तिचा हात त्या मुलासारखा लाजत नव्हता. ओढणी गळली, वेणी सुटली, ती दात आवळून मारत होती. बरगडी. घाव. कोपर. घाव. मनगट, जे शकूने तोंडापुढे धरलं होतं. घाव. बारदान फाटलं, वाळू साहेबांच्या बुटांपर्यंत गेली. शिपाई दारात येऊन थिजला. प्राचार्य उभे राहिले. नवव्या घावाला टेबलावरचा पेला पडून फुटला.

"थांबवा!" साहेब चष्मा काढून ओरडले. "अहो बाई, थांबवा तिला! काय करून राह्यली ती पोरगी?"

रेश्मा थांबली. हात वरच होता.

मी विचारलं, "साहेब, आपण पोरगीबद्दल जे बोललात, त्यात तिचं मारणं संपलं होतं, की चालू होतं?"

साहेबांच्या कपाळावर घाम होता, आणि चेहरा चौथीतला झाला होता. सगळ्या दालनात रेश्माचा श्वास तेवढा ऐकू येत होता. ते हळूच म्हणाले, "चालू होतं." मग कागद ओढून लिहायला लागले.

आम्ही हरलो. न्यायालयाची शिस्त, शून्य गुण. सरकारी मालमत्तेचं नुकसान, एक पेला. संभाजीनगरला दुसरा संघ गेला. पण निकालपत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात साहेबांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: 'साक्षीदार कौसाबाई पोचली तेव्हा आरोपी शकुंतलेस मारत होता. साक्षीदाराच्या सांगण्यात विसंगती नाही. ती खरे बोलली.' खाली सही आणि कॉलेजचा शिक्का. नावं कुठल्याच कागदावर नव्हती. साहेबांनी ती सरांना विचारून घेतली होती.

सर त्याच उन्हाळ्यात गेले, छातीत दुखून, दोन तासांत. त्याआधी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कौसामावशीच्या दारात. फेरीनंतरच्या रविवारी सकाळी सर रेश्माला आणि मला घेऊन गेले. जांब समर्थच्या अलीकडचं लहानसं गाव, लहानशी गल्ली. मावशी दारापुढच्या चुलीवर अंघोळीचं पाणी तापवत बसली होती. नव्वदीची, कानाने अधू, हाताने अजून खणखणीत. ते कसं कळलं तर तिने सरांना बघताच पाठीत दोन बुक्क्या घातल्या. "कवा आल्तास रं शेवटचा? मेले का पाह्यला आला का?"

"कागद आनलाय मावशी. कोर्टाचा."

"कोन्त्या कोर्टाचा?"

सर खोटं बोलत नसत. "पोरायच्या. खोट्या कोर्टाचा."

"लिवलंय का पर?"

"लिवलंय."

"शिक्का?"

"हाय."

मावशी भिंतीला धरून उठली. ओट्यावर आली. "मंग हितं उभा राहून वाच. जोरात वाच. त्या पारावरच्या म्हाताऱ्यायला बी ऐकू जाऊ दे, आन समोर शकूच्या घरात बी."

सरांनी वाचलं. वर्गात 'खून झालाय' म्हणायचे त्या आवाजात. आजूबाजूच्या दारांत बाया आल्या, पारावरची माणसं उठून गल्लीच्या तोंडाशी आली. 'ती खरे बोलली' हे मावशीने तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा सरांचा आवाज फुटला. ओट्यावरून समोर, दहा पावलांवर, एक बंद दार होतं. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

मावशीने कागद घडी करून चोळीत ठेवला. मग तिची नजर सरांच्या काखेकडे गेली. "आन हे काय वागवून राह्यला? इतके दिस?"

तिने दांडा हिसकला, गुडघ्यावर मोडायला बघितला, मोडला नाही, तेव्हा शिवी देऊन तसाच अख्खा चुलीत सारला. सर तिथेच जमिनीवर बसले, पाय पोटाशी घेऊन, मोठ्या बहिणीच्या घरी बसतात तसे.

आमची एसटीची वेळ झाली होती. रेश्माने माझा हात ओढला. गल्लीच्या तोंडाशी मी मागे वळून पाहिलं. मावशी पाण्यात बोट बुडवून बघत होती. दांडा जळून राह्यल्ता.